समाजकार्याची पहिली शाळा आपल्या मोहल्ल्यात होती

भारतात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी पहिली संस्था कोणती, असे विचारले तर बहुतेक जण देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचे नाव घेतील. उत्तर बरोबर आहे; पण ही संस्था देवनारला आली ती १९५४ साली. तिचा जन्म झाला नागपाड्यात, आपल्या मोहल्ल्यात. मुंबईच्या मुस्लिमांच्या इतिहासात याची नोंद क्वचितच होते, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी १९२५मध्ये भारतात आले. हे तेच मिशन, ज्याच्या अहमदनगरमधील मिस फरार यांच्याकडे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतल्याचे सांगितले जाते. १९२६ साली मिशनने ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू केले. लंडनचे टॉयनबी हॉल आणि शिकागोचे हल हाऊस यांनी रुजवलेली कल्पना त्यामागे होती. गरिबांना दुरून मदत पाठवायची नाही. वस्तीतच राहायचे, तिथले प्रश्न समजून घ्यायचे आणि मग काम करायचे.

त्या काळचा नागपाडा मिश्र वस्तीचा होता. मुस्लिम, यहुदी, ख्रिश्चन, हिंदू कुटुंबे आसपास राहत. कामाठीपुरा शेजारी. फेब्रुवारी १९२९मध्ये मुंबईत मुले पळवली जात असल्याची अफवा उठली, संशय पठाणांवर गेला आणि शहर पेटले. मुलांविषयीच्या भीतीतून दंगल होऊ शकते, हे या शहराने तेव्हाच पाहिले. अशा काळात वेगवेगळ्या धर्मांच्या मुलांना खेळायला आणि शिकायला एक जागा मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. नागपाड्यात बास्केटबॉल असा रुजला, की याच भागातले अब्बास मुंतसीर पुढे भारतीय संघाचे कप्तान झाले.

मॅन्शार्ट यांच्या लक्षात आले, की नुसत्या सद्भावनेवर हे काम चालत नाही. त्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात. त्यांचा हा विचार सर दोराबजी टाटा ट्रस्टने उचलून धरला आणि १९३६ साली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. लगेच पुढच्या वर्षी, १९३७मध्ये, या शाळेने मुलांसाठी बाल मार्गदर्शन केंद्र काढले. देशातले हे अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. के. आर. मसानी यांचा त्यात पुढाकार होता.

या केंद्रांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. मूल शाळा चुकवते, चोरी करते, झोपेत घाबरते, तर त्याला ‘वाह्यात’ म्हणून मोकळे व्हायचे नाही. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता असे तिघे मिळून त्याचा विचार करतात. समाजकार्यकर्ता घरी जातो, आईवडिलांशी बोलतो, शिक्षकांना भेटतो. म्हणजे एका मुलाच्या निमित्ताने घर आणि शाळा दोन्हींकडे पाहिले जाते.

पुढे १९४८मध्ये शाळा अंधेरीला गेली, नंतर देवनारला. संस्था मोठी झाली, याचा आनंदच आहे. पण जिथे हे काम जन्मले, त्या आपल्या वस्त्यांनी ते पुढे कितपत चालवले?

शाळा काढण्यात आपण मागे नव्हतो. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची पायाभरणी १८७४ सालीच केली होती. आजही मोहल्ल्यातल्या संस्था फी भरतात, वह्या वाटतात, गुणवंतांचे सत्कार करतात. पण जे मूल नापास झाले, अचानक गप्प झाले, त्याच्यासाठी काय आहे? घरचे आधी नजर उतरवतात, मग तावीज आणतात. मी त्यांना हसणार नाही. जो दरवाजा उघडा दिसतो, माणूस तिथेच जातो. दुसरा दरवाजा गल्लीत नाही, हा त्यांचा दोष नव्हे.

तो दरवाजा उघडायला मोठी इमारत लागत नाही. मदरशाची किंवा शाळेची एक खोली, आठवड्यातून दोन संध्याकाळी येणारा समुपदेशक आणि घरोघरी जाऊन बोलणारी वस्तीतलीच एखादी प्रशिक्षित मुलगी, एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. या कामाला जकात चालते का, ते उलेमांनी सांगावे. सदक्याच्या पैशाला तर ती अडचण नाही. येत्या रमजानमध्ये मोहल्ला कमिट्यांनी वह्यांच्या यादीखाली एका समुपदेशकाच्या मानधनाची ओळही लिहावी.