फोर्डचा सांगाडा, शेव्हरोलेचे काळीज : हॉट रॉड आणि इंजिन-बदलाचा इतिहास

#थ्रेड

१.
१९७३ साली जॉर्ज लुकास यांचा 'अमेरिकन ग्राफिटी' हा चित्रपट प्रदर्शित झाला. कथा १९६२ च्या कॅलिफोर्नियातील. त्यातली पिवळी, दोन दारांची छोटी गाडी पाहताच ओळखू येते : १९३२ ची फोर्ड कूपे. मात्र तिच्या पुढच्या भागात धडधडणारे इंजिन फोर्डचे नव्हे, तर शेव्हरोलेचे, म्हणजे फोर्डच्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याचे आहे.

२.
अमेरिकेतील 'हॉट रॉड' संस्कृतीचे हे सर्वांत प्रसिद्ध चित्र. एका कंपनीचा सांगाडा आणि दुसऱ्या कंपनीचे काळीज ही जोडी कशी जमली? आणि आज त्याच सांगाड्यात संगणक-नियंत्रित आधुनिक इंजिन बसवणारा कारागीर वारसा जपतो की मोडतो? या प्रश्नांची उत्तरे शोधायला १९३२ पर्यंत मागे जावे लागते.

३.
आधी दोन संज्ञा. 'रोडस्टर' म्हणजे कायमचे छप्पर नसलेली उघडी गाडी. 'कूपे' म्हणजे पक्क्या छपराची, दोन दारांची, बहुधा एकाच आसनपट्टीची बंद गाडी. 'हॉट रॉड' म्हणजे जुनी, स्वस्त गाडी घेऊन, अनावश्यक भाग काढून, इंजिन सुधारून किंवा बदलून वेगासाठी पुन्हा बांधलेली गाडी.

४.
१९०८ ते १९२७ या काळात फोर्डने दीड कोटीहून अधिक 'मॉडेल टी' बनवल्या. पण १९२९ मध्ये शेव्हरोलेने चार सिलिंडरच्या गाडीच्या किमतीत सहा सिलिंडरची गाडी बाजारात आणली. हेन्री फोर्ड यांनी सहाला उत्तर आठने द्यायचे ठरवले. आठ सिलिंडरची 'व्ही-८' इंजिने तोवर कॅडिलॅकसारख्या महागड्या गाड्यांची मिरास होती.

५.
अडचण ओतकामाची होती. व्ही-८ चा ठोकळा तुकड्यांत ओतून जोडला तर खर्च वाढतो. फोर्डच्या अभियंत्यांनी संपूर्ण ठोकळा एकसंध ओतण्याचे तंत्र मोठ्या उत्पादनासाठी साधले. ३१ मार्च १९३२ रोजी, महामंदी ऐन भरात असताना, ही गाडी लोकांसमोर आली. २२१ घनइंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचे इंजिन, ६५ अश्वशक्ती. आणि रोडस्टरची किंमत ४६० डॉलरपासून.

६.
या इंजिनाला 'फ्लॅटहेड' म्हणतात. त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला, ठोकळ्यातच असतात; त्यामुळे वरचे झाकण सपाट दिसते. रचना सोपी आणि स्वस्त. दोष एकच, पण मोठा : जळालेला तप्त वायू ठोकळ्यातूनच वाट काढून बाहेर पडतो आणि भोवतीचे पाणी तापवतो. इंजिन तापणे ही फ्लॅटहेडची जन्मखोड ठरली.

७.
१९३३ मध्ये फोर्डने गाडीचे रूप पुन्हा बदलले. म्हणून १९३२ चा साचा एकाच वर्षाचा राहिला. '३२' मधल्या दोनावरून, पत्त्यांतल्या दुरीप्रमाणे, या गाडीला 'ड्यूस' हे टोपणनाव पडले. हलकी काया, शिडीसारखी साधी चासी, तिच्यावर बोल्टांनी बसवलेले अंग. खोलायला सोपी, जोडायला सोपी. काही वर्षांतच या गाड्या जुन्या बाजारात आणि भंगारात तरुणांच्या खिशाला परवडू लागल्या.

८.
लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावे वाळवंटात म्युरॉक आणि एल मिराज ही कोरडी तळी आहेत : मैलोन्‌मैल सपाट, कडक, भेगाळलेली माती. वेगाची परीक्षा घ्यायला याहून चांगले मैदान नव्हते. १९३७ मध्ये स्थानिक क्लबांनी एकत्र येऊन 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन केली आणि या हौसेला नियम, तपासणी व वेळमापनाची शिस्त आली.

९.
या तळ्यांभोवती एक नवा गृहोद्योग उभा राहिला. व्हिक एडेलब्रॉक यांनी फ्लॅटहेडसाठी दोन कार्ब्युरेटरचे मॅनिफोल्ड बनवले. युद्धानंतर एड इस्केंडेरियन यांनी स्वतः घासलेले कॅमशाफ्ट विकायला सुरुवात केली. कारखान्याने दिलेले इंजिन हा शेवटचा शब्द नव्हे, ती केवळ सुरुवात आहे, हा विचार येथे रुजला. पुढचा सारा इतिहास याच विचारातून निघतो.

१०.
मग युद्ध आले. शर्यती थांबल्या. म्युरॉक लष्कराकडे गेले. आज तेथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. युद्ध संपल्यावर हजारो तरुण विमाने, रणगाडे आणि ट्रक दुरुस्त करण्याचे शिक्षण घेऊन घरी परतले. हातात कसब होते, गाठीशी थोडा पैसा होता. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांच्या 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक निघाला. १९४९ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला 'स्पीड वीक' झाला.

११.
या हौसेची काळी बाजूही होती. रस्त्यांवर रात्री-बेरात्री शर्यती लागत आणि जीव जात. वृत्तपत्रांच्या लेखी हॉट रॉडवाले म्हणजे उनाड पोरे. उत्तर म्हणून १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर अधिकृत ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॅली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापली. 'शर्यत हवी, पण रस्त्यावर नको' हे तिचे मुख्य धोरण.

१२.
कूपेला या जगात मान मिळायला मात्र वेळ लागला. तळ्यांवरचे जुने जाणते उघड्या रोडस्टरलाच खरी हॉट रॉड मानत. मूळ संघटनेत बंद गाड्यांना थारा नव्हता. 'रसेटा टायमिंग असोसिएशन'ने कूपेला दार उघडले. तिथे पियर्सन बंधूंच्या १९३४ च्या फोर्ड कूपेने सर्वांना चकित केले. तिचे छप्पर कापून इतके खाली आणले होते की खिडक्या फटींसारख्या दिसत. कमी उंची म्हणजे वाऱ्याचा कमी विरोध. बंद अंग हे ओझे नसून वेगाचे साधन होऊ शकते, हे त्यातून कळले.

१३.
१९४९ मध्ये खरा भूकंप झाला. ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक यांनी नवी व्ही-८ इंजिने आणली. यांत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर होते. हवा आत येण्याचा आणि वायू बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा झाला, ठोकळ्यावरचा उष्णतेचा ताण घटला. कॅडिलॅकचे इंजिन १६० अश्वशक्तीचे होते. फ्लॅटहेडवर महिनोन्‌महिने खपून जे मिळवायचे, ते येथे तयारच मिळत होते.

१४.
अपघातात चेपलेली कॅडिलॅक भंगारात आली की तिचे इंजिन उचलायचे, जोडपट्टी वापरून फोर्डच्या गिअरबॉक्सला जोडायचे आणि ड्यूसच्या चासीत उतरवायचे. इंजिन-बदलाची पद्धत अशी सार्वत्रिक झाली. गाडी हलकी असल्याने परिणाम जबरदस्त. पण ही इंजिने जड होती आणि सर्वांच्या आवाक्यातली नव्हती.

१५.
येथे झोरा आर्कस-डंटोव्ह यांचा प्रवेश होतो. १९४७ च्या सुमारास त्यांनी फोर्डच्या फ्लॅटहेडसाठी डोक्यावर व्हॉल्व्ह असलेली 'आर्डन' हेड बनवली होती. १९५३ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये दाखल झाले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना एक टिपण लिहिले. आशय असा : हॉट रॉड करणारे तरुण फोर्डवर वाढतात, म्हणून पुढे नवी गाडीही फोर्डचीच घेतात, त्यांना जिंकायचे असेल तर शेव्हरोलेने वेगाचे सुटे भाग सहज उपलब्ध करून दिले पाहिजेत.

१६.
१९५५ मध्ये शेव्हरोलेचे 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ आले. एड कोल यांच्या नेतृत्वाखाली घडलेले, २६५ घनइंच, प्रारंभी १६२ अश्वशक्ती. पातळ भिंतींच्या ओतकामामुळे हलके, आकाराने आटोपशीर, किमतीने स्वस्त. पुढे त्याच साच्यातून २८३, ३२७, ३५० घनइंचांची इंजिने निघाली. त्या चित्रपटातील कूपेमधले इंजिन ३२७ चेच. फ्लॅटहेड तर अमेरिकी फोर्ड गाड्यांतून १९५३ नंतर निवृत्त झाले होते.

१७.
मग फोर्डप्रेमींनी फोर्डचेच नवे इंजिन का नाही बसवले? उत्तर भावनेत नव्हे, मापांत आहे. १९६० च्या दशकातील फोर्डच्या छोट्या व्ही-८ चे ऑइल चेंबर पुढच्या बाजूला खोल असे. ड्यूसमध्ये नेमका तिथेच चासीचा आडवा दांडा येतो. शेव्हरोलेचे चेंबर मागे खोल, त्यामुळे ते अलगद बसे. त्याचा डिस्ट्रिब्युटर मागे असल्याने फायरवॉलला खाच द्यावी लागे, पण ते काम सोपे होते. आणि सुटे भाग गल्लोगल्ली मिळत.

१८.
१९६४ मध्ये पाँटिॲक जीटीओ आली आणि कारखानेच तरुणांना जोरकस गाड्या विकू लागले. घरी गाडी बांधण्याची निकड ओसरली. तरीही १९७० मध्ये इलिनॉयमधील पिओरिया येथे 'स्ट्रीट रॉड नॅशनल्स' हा पहिला राष्ट्रीय मेळा भरला. हॉट रॉड आता शर्यतीपेक्षा रस्त्यावर प्रेमाने चालवण्याची गाडी झाली होती.

१९.
१९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये 'एलएस-१' हे इंजिन आले : ॲल्युमिनियमचा ठोकळा, ५.७ लिटर, ३४५ अश्वशक्ती, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल, इंधनाचा हिशेब संगणकाकडे. तरी शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांतील अंतर १९५५ प्रमाणेच ४.४ इंच. लवकरच याच घराण्यातील इंजिने जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकांत बसू लागली आणि अपघातग्रस्त ट्रकांबरोबर भंगारात पोहोचली. १९४९ च्या कॅडिलॅकची वाट, नव्या काळात.

२०.
पण ६५ अश्वशक्तीसाठी घडलेल्या चासीत पाचपटीहून अधिक शक्ती उतरवणे म्हणजे केवळ चार बोल्ट आवळणे नव्हे. उघड्या पन्हाळीसारख्या चासीला आतून पत्रा जोडून पेटीसारखी बंद करावी लागते, नाहीतर ती पिळवटते. मूळ ब्रेक दांड्यांवर चालणारे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये स्वीकारले. म्हणून ब्रेक बदलणे हे पहिले काम. इंजिनाचा क्रम त्यानंतर.

२१.
मग रेडिएटर मोठा हवा. टाकीत उच्च दाबाचा विद्युत पंप हवा, कारण इंजेक्शनला कार्ब्युरेटरच्या कितीतरी पट दाब लागतो. मागचा ॲक्सल मजबूत हवा. मूळ सहा व्होल्टची विद्युत यंत्रणा बारा व्होल्टची करून संगणकासाठी संपूर्ण नवे वायरिंग ओढावे लागते. यानंतर मूळ गाडीचे काय उरते? बहुतेकदा अंगाचा पत्रा, जाळी आणि ती ओळखीची रेषा.

२२.
येथेच इतिहासप्रेमींचा खरा वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, हॉट रॉडमध्ये मूळ रूप असे काही नसतेच. हाती असलेले उत्तम इंजिन बसवणे हीच परंपरा. १९४९ चा तरुण कॅडिलॅकचे इंजिन बसवी, आजचा एलएस बसवतो. हा युक्तिवाद बळकट आहे.

२३.
दुसरा पक्ष दस्तऐवजाचा मुद्दा मांडतो. १९३२ ची कारखान्यातून निघाली तशी राहिलेली कूपे आता दुर्मीळ; तिच्यावर करवत चालली की तो पुरावा कायमचा पुसला जातो. यावर तोडगा निघाला आहे : १९३२ च्या साच्यातील पोलादी अंगे आणि चासी आज नव्याने बनतात. नवे इंजिन नव्या पत्र्यात घालावे, जुना पत्रा जपावा.

२४.
सर्वांत अवघड प्रश्न तिसराच. १९४८ साली एखाद्याने घरी बांधलेली, जुळवलेल्या फ्लॅटहेडची ड्यूस आज कोणी विकत घेतली, तर ती 'बिघडवलेली फोर्ड' की स्वतःच एक ऐतिहासिक वस्तू? १९९७ मध्ये पेबल बीचच्या प्रतिष्ठित प्रदर्शनात प्रथमच हॉट रॉडना स्वतंत्र विभाग मिळाला आणि डोन स्पेन्सर यांची १९३२ ची रोडस्टर त्यात विजयी ठरली. बदल हाही इतिहास आहे, यावर अशा रीतीने शिक्कामोर्तब झाले. म्हणजे तशा गाडीतले फ्लॅटहेड काढून एलएस बसवणाऱ्याच्या हातून दुसरा दस्तऐवज नष्ट होतो.

२५.
भारताचा नियम याबाबत सरळ पहिल्या रूपाच्या बाजूने आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनाची व्याख्या आली : पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, अंग वा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी. या व्याख्येत इंजिन बदललेली ड्यूस बसणार नाही, मग तो बदल पाऊणशे वर्षांपूर्वीचा का असेना.

२६.
म्हणून जुनी गाडी समोर आली की 'ही मूळ आहे का?' एवढ्यावर थांबू नये. अंग कोणत्या वर्षाचे, इंजिन कोणत्या वर्षाचे, आणि बदल कोणी, केव्हा, कोणत्या गरजेपोटी केला, हेही विचारावे. दोन वर्षांमधल्या त्या अंतरात युद्धातून परतलेला मेकॅनिक असतो, भंगारबाजार असतो, दोन कंपन्यांची चुरस असते. करवत उचलणाऱ्याने निदान आधीची छायाचित्रे काढून ठेवावीत, मापे लिहून ठेवावीत आणि उतरवलेले इंजिन भंगारात न घालता जपावे. पुढच्या अभ्यासकाला त्याचाच आधार असणार आहे.

#इतिहास #हॉटरॉड #समाप्त