उंदीर, पिसवा आणि आरोग्याधिकारी

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. त्यानंतर शहराचें आरोग्यखातें स्वस्थ बसलें नाहीं. गटारें धुतलीं गेलीं, भिंतींना चुना लागला, कार्बोलिक आम्लाचे फवारे सुटले, छपरें उघडून काळोख्या खोल्यांत ऊन घेतलें गेलें. अधिकारी मेहनती होते. परंतु रोग घाणींतून व जमिनींतून उठतो, अशा समजुतींत त्यांचें शिक्षण झालें होतें. तेव्हां जमीन धुणें हाच त्यांना उपाय दिसे. सामान्य लोकांस मात्र ‘उंदीर पडूं लागले’ कीं घर सोडावें, एवढें अनुभवानें कळूं लागलें होतें.

१८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत एक साधा प्रयोग केला. अंगावर पिसवा असलेला प्लेगचा उंदीर एका बरणींत ठेवून निरोगी उंदीर त्याच बरणींत जाळीपलीकडे ठेविला. दोघांचा स्पर्श होणें शक्य नव्हतें. पिसू मात्र जाळींतून जाऊं शके. निरोगी उंदीर प्लेगनें मेला. हा निष्कर्ष त्याच वर्षीं छापून आला; पण सरकारनें नेमलेल्या प्लेग कमिशनला तो विचारार्ह वाटला नाहीं. कमिशनचे सभासद अडाणी होते असें मात्र कोणीं समजूं नये. इतरांस तो प्रयोग साधला नव्हता, आणि एकाच प्रयोगावर विसंबूं नये हा नियम शास्त्राला धरूनच आहे. चूक निराळीच होती. शंका आल्यावर नीट पडताळा पाहण्याऐवजीं त्यांनीं प्रश्नच मिटविला. या अवधींत प्लेग देशभर पसरत होता.

पडताळा झाला तो १९०५ सालीं नेमलेल्या दुसऱ्या कमिशनच्या हातून, परळच्या प्रयोगशाळेंत. मुद्दाम बांधलेल्या लहान खोल्यांत प्लेगचे उंदीर व पिसवा होत्या. तेथें जमिनीवर मोकळे सोडलेले गिनीपिग मेले. दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतले वांचले. हवा दोघांनाहि एकच होती; पिसवेची उडी तेवढी वरपर्यंत पोंचत नव्हती. उंदराचें शरीर थंड पडतांच पिसवा दुसरें ऊबदार अंग शोधतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे फरशी धुण्यापेक्षां घर सोडणें व उंदीर मारणें कां श्रेयस्कर, तें उलगडतें. अडाण्यांची म्हणून ज्या चालीकडे दुर्लक्ष झालें, तिला शास्त्राचा आधार मिळाला!

पण प्रयोगशाळेंतला निष्कर्ष जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानें स्वतः पारखून हुकुमांत उतरवावा, तर त्याला तसें शिकविणारी संस्था हवी. ती कलकत्त्यास ३० डिसेंबर १९३२ रोजीं, रॉकफेलर फौंडेशनच्या पैशानें उभी राहिली. तेथें आरोग्यव्यवस्थेबरोबर जन्ममृत्यूंचें आंकडेशास्त्र व सांथींचें शास्त्रहि शिकविलें जाऊं लागलें. अमेरिकेंत अलेक्झांडर लँगम्यूर यांनीं १९५१ सालीं आणखी एक पाऊल टाकलें. तरुण डॉक्टरांस थोडे दिवस व्याख्यानें देऊन त्यांनीं सरळ सांथीच्या ठिकाणीं धाडलें. आंकडे तेथेंच गोळा करावयाचे, रोगी व निरोगी यांची तुलना करावयाची, आणि कोणता उपाय योजावा हें तिच्या आधारें सुचवावयाचें. २०१२ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्रांत याच धर्तीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यांतील बहुतेक काळ वर्गांत नव्हे, तर प्रत्यक्ष कामावर जातो.