राष्ट्रपतिपदाची मतगणना
राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, ही के. टी. शहा यांची सूचना संविधान सभेने १९४८ मध्ये फेटाळली. पदच नामधारी, तर एवढा खटाटोप कशासाठी, असा डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद होता. १९६९ ने मात्र या पदामागील सत्तासंघर्ष उघडा केला. पहिल्या पसंतीत कोणालाच कोटा गाठता आला नाही. चिंतामणराव देशमुख तिसरे. त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती बव्हंशी संजीव रेड्डींकडे वळली, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते तरले. पद्धतीचा खरा पेच मात्र निराळाच आहे. २०२२ मध्येही आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेवरूनच ठरले: उत्तर प्रदेशात २०८, सिक्कीममध्ये ७. नवी जनगणना आधारभूत धरल्यास लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांचेच वजन घटेल.