वर्कफ्लोमधील पॅरामीटर बाइंडिंग म्हणजे काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराचे आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. पाटी बदललेली लगेच दिसते. स्क्रिप्टमध्ये ठिकठिकाणी लिहिलेले जुने नाव मात्र शोधून काढावे लागते. व्हर्च्युअल मशीन आपोआप तयार करणाऱ्या वर्कफ्लोत ही अडचण टाळता येते ती पॅरामीटर बाइंडिंगमुळे.

मूळ कल्पना
व्हीएमवेअर ऑर्केस्ट्रेटरमध्ये वर्कफ्लोचे स्वतःचे इनपुट, आउटपुट आणि व्हेरिएबल (जुन्या आवृत्त्यांत अ‍ॅट्रिब्यूट) असतात. वर्कफ्लोतील प्रत्येक टप्प्याचेही वेगळे इन व आउट पॅरामीटर असतात. या दोहोंची जोडणी म्हणजे बाइंडिंग.

उदाहरण
समजा, जिल्ह्यातील आठही तालुक्यांसाठी एकेक मशीन हवे आहे. तालुका हे इनपुट, जिल्हा हे व्हेरिएबल.

१. पहिला टप्पा जिल्हा व तालुका घेऊन मशीनचे नाव तयार करतो. हे नाव आउट बाइंडिंगने एका स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये जाते.
२. क्लोन करणारा टप्पा तेच व्हेरिएबल इन बाइंडिंगने घेतो आणि तयार झालेले मशीन दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो.
३. मशीन सुरू करणारा टप्पा ते दुसरे व्हेरिएबल घेतो.

नेहमीच्या चुका
दोन्ही बाजूंचा प्रकार जुळला पाहिजे. तिसऱ्या टप्प्याला मशीन ही वस्तू हवी असते, तिचे नाव असलेली स्ट्रिंग चालत नाही. आउट बाइंडिंग राहून गेले, तर टप्पा यशस्वी होऊनही पुढच्या टप्प्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून चालवण्यापूर्वी व्हॅलिडेट करावे. पण मूल्य योग्य आहे की नाही, हे चाचणीतच कळते.

नाव बदलले तर
जिल्ह्याचे नाव कॉन्फिगरेशन एलिमेंटमध्ये ठेवून व्हेरिएबल त्याला जोडले, तर अनेक वर्कफ्लोंसाठी बदल एकाच जागी होतो. आधी तयार झालेल्या मशीनची नावे मात्र त्यामुळे बदलत नाहीत. ते काम वेगळे करावे लागते. त्यामुळे ओळखीसाठी स्थिर संकेत वापरणे बरे. जिल्ह्याचे नाव बदलले, तरी तिथल्या वाहनांवरचा एमएच २५ तसाच राहिला.