सव्वा व्होल्टाची कहाणी



धान्य मोजण्याचें माप उन्हाळ्यांत फुगूं लागलें व थंडींत आकसूं लागलें, तर गृहिणीनें त्यावर विश्वास तो काय ठेवावा? विजेचा दाब मोजणारांना हीच अडचण दीर्घकाळ छळीत होती. १८९३ सालीं एडवर्ड वेस्टन यांनीं कॅडमियम व पारा यांचा एक घट सिद्ध केला. त्याचा दाब सुमारें १.०१८६ व्होल्ट, आणि हवामान बदललें तरी तो फारसा ढळत नसे. १९११ पासून हा घट आंतरराष्ट्रीय प्रमाण मानला गेला.

परंतु पाऱ्याची काचनळी नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतींत कशी मावणार? १९६४ सालीं फेअरचाइल्ड कंपनीच्या हिल्बिबर यांनीं वाट दाखविली. १९७१ सालीं नॅशनल सेमिकंडक्टरचे रॉबर्ट विडलर यांनीं तिला व्यवहारांत आणलें. १९७४ सालीं पॉल ब्रोकॉ यांनीं तीच रचना अधिक सुटसुटीत केली.

युक्ति अशी. ट्रान्झिस्टरच्या बेस व एमिटर या टोकांमधील दाब सुमारें ०.६५ व्होल्ट असतो, आणि उष्णतामान एका अंशानें वाढलें कीं तो जवळजवळ २ मिलिव्होल्टांनीं उतरतो. मात्र दोन सारख्या ट्रान्झिस्टरांपैकीं एकांतून आठपट दाट प्रवाह सोडला, तर दोहोंच्या दाबांतील फरक उष्णतेबरोबर चढतो. हा फरक साध्या हवेंत अवघा ५४ मिलिव्होल्ट भरतो. त्याची दहा-अकरा पट करून पहिल्या दाबांत मिळविली, कीं चढ आणि उतार एकमेकांस फेडतात. शाळेंत असलें उदाहरण आलें कीं मुलें "व्यस्त प्रमाण!" म्हणून ओरडत आणि मी त्यांना थांबवीत असें, येथें गुणाकार नव्हे, बेरीज कायम राहते.

ती बेरीज सुमारें १.२ व्होल्ट येते, आणि हा आंकडा कोणाच्या लहरीचा नव्हे. केवल शून्य उष्णतामानाकडे हिशेब नेला असतां सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन बंधनांतून सोडविण्यास लागणारी जी शक्ति निघते, तिच्याशीं तो जुळतो. म्हणूनच या मंडलास बँडगॅप हें नांव.

पुढें पंचाईत झाली ती निराळीच. चकत्या बारीक होत गेल्या व त्यांना पुरविला जाणारा दाब एका व्होल्टाच्याही खालीं आला. शेराच्या भांड्यांत सव्वा शेर कोठून मावणार? १९९९ सालीं तोशिबा कंपनीच्या बानबा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोड सुचविली, आणि मला तरी या कहाणींत तीच अधिक कौतुकाची वाटते. त्यांनीं दाबांची बेरीज टाकून प्रवाहांची बेरीज केली. उतरत्या दाबाच्या प्रमाणांत एक प्रवाह, चढत्या फरकाच्या प्रमाणांत दुसरा. दोन्ही एकाच रोधकांतून सोडले, कीं रोधकाच्या मानानें अर्धा व्होल्ट घ्या वा त्याहून कमी. रोधक उष्णतेनें बदलले तरी सगळे एकाच जातीचे असल्यानें त्यांचें परस्पर प्रमाण टिकतें.

तरीही पुरवठ्याचा दाब वाटेल तितका उतरवितां येत नाहीं. उणें ४० अंशांच्या थंडींत ट्रान्झिस्टरचा तो ०.६५ व्होल्टाचा दाब पाऊण व्होल्टाच्याही वर चढतो, आणि त्यावर प्रवाह चालविणाऱ्या भागासाठीं थोडा दाब राखावाच लागतो.