कुरितिबाचा फुलांचा रस्ता

नगरांचा इतिहास लिहिताना आपण राजांची नावे, लढायांच्या तारखा आणि तहांची कलमे काळजीपूर्वक नोंदवितो. नगरातील माणसे ज्या रस्त्यावर आयुष्यभर ये-जा करतात, लग्नाचा बस्ता बांधतात, नाताळची खरेदी करतात, जुन्या ओळखीच्या माणसाला थांबवून घरची खुशाली विचारतात, त्या बाजाररस्त्याचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक एखादे नगर आपल्या माणसांना कसे वागविते हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याच्या बाजारपेठेत पायी फिरून पाहावे. ब्राझील देशातील कुरितिबा या नगराने १९७२ साली आपल्या मुख्य बाजाररस्त्याविषयी एक धाडसी निर्णय घेतला. त्या निर्णयाची ही हकिकत उद्बोधक आहे, तशीच काहीशी अस्वस्थ करणारीही आहे.

ब्राझील आपणांस दूरचा वाटतो. परंतु तो अगदीच परका नाही. १५०० साली भारताकडे निघालेले पेद्रो आल्वारिश काब्राल याचे पोर्तुगीज आरमार वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले आणि तेथून पुढे कालिकतला आले. ज्या सत्तेने १५३४ च्या तहानंतर वसईत आपले ठाणे उभारले, तिनेच अटलांटिकपलीकडेही नगरे वसविली. मध्यभागी चौक, चौकात चर्च आणि चर्चच्या सभोवती वस्ती, ही त्या नगरांची रचना आपल्या ओळखीची आहे. कुरितिबाला २९ मार्च १६९३ रोजी नगराचा दर्जा मिळाला. पाइन वृक्षांनी भरलेल्या पठारावरील या गावाने पवित्र मरियेला ‘पाइनवनातील प्रकाशमाता’ या नावाने आपली आश्रयदाती मानले. तिच्या नावाचे आजचे कथेड्रल १८९३ साली पूर्ण झाले.

या कथेड्रलपासून जवळच गावाचा मुख्य बाजाररस्ता होता. ‘रुआ दास फ्लोरेस’, म्हणजे ‘फुलांचा रस्ता’, हे त्याचे जुने नाव. १८८० साली सम्राट दुसरा पेद्रो सम्राज्ञीसह या प्रांतात आला, तेव्हा रस्त्याला सम्राज्ञीचे नाव देण्यात आले. १५ नोव्हेंबर १८८९ रोजी राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि रस्ता ‘रुआ किन्झे दे नोव्हेंब्रो’, म्हणजे ‘१५ नोव्हेंबर मार्ग’ झाला. राजवटी बदलल्या तशा पाट्या बदलल्या. रस्त्याचा व्यवहार मात्र तोच राहिला. १८८५ साली पारानाग्वा बंदरापासून कुरितिबापर्यंत रेल्वे आली. जर्मन, पोलिश, इटालियन आणि युक्रेनी स्थलांतरितांनी येथे संसार मांडले, दुकाने थाटली. प्रथम खेचरांनी ओढलेल्या आणि पुढे विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांतून गिऱ्हाईक बाजारात येऊ लागले. बाजाराचा उत्कर्ष आणि सार्वजनिक वाहन यांचा संबंध असा प्रारंभापासूनच होता.

विसाव्या शतकाच्या मध्यास हे चित्र पालटले. ट्राम बंद पडली, मोटारी वाढल्या. १९६० साली कुरितिबाची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६० हजार होती. १९७० साली ती ६ लाखांवर गेली. वाढत्या मोटारींना वाट करून देण्यासाठी मध्यवस्तीतील रस्ते रुंद करावेत, हा त्या काळी जगभर मान्यता पावलेला उपाय होता. रस्ता रुंद करावयाचा म्हणजे दोन्ही बाजूंची जुनी घरे पाडावयाची. काही तरुण वास्तुविशारदांनी या विचाराला विरोध केला. १९६५ साली नगरनियोजनासाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि १९६६ साली नवा आराखडा मंजूर झाला. नगराची वाढ ठरावीक मार्गांच्या दिशेने व्हावी, त्या मार्गांवर सार्वजनिक वाहने धावावीत आणि मधला जुना भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखावा, हे त्याचे सूत्र होते.

या तरुणांपैकी एक जायमे लर्नर. त्यांचा जन्म १९३७ साली पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला होता. कुटुंबाचे दुकान रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. रस्ता आणि गिऱ्हाईक यांचे नाते त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. १९७१ साली ते कुरितिबाचे महापौर झाले आणि बाजाररस्त्याचा काही भाग मोटारींना बंद करण्याचा बेत त्यांनी पुढे आणला.

दुकानदार बिथरले. मोटार दारापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही आणि गिऱ्हाईक आले नाही तर दुकानाला टाळे लागेल, हे त्यांचे म्हणणे होते. ते न्यायालयात जाण्याची भाषा बोलू लागले. शुक्रवार, १९ मे १९७२ रोजी सायंकाळी, न्यायालये बंद झाल्यानंतर, पालिकेच्या कामगारांनी रस्ता खणावयास प्रारंभ केला. रात्रंदिवस काम चालले. फरसबंदी झाली, दिवे लागले, बाके आणि फुलझाडांचे वाफे तयार झाले. सुमारे ७२ तासांत काम उरकले आणि सोमवारी लोक बाजारात आले तेव्हा मोटारींचा रस्ता नाहीसा झाला होता. प्रारंभी काहींनी फुले तोडून नेली. पालिकेने ती पुनःपुन्हा लावली. थोड्याच दिवसांत दुकानांतील गर्दी वाढली. विरोधाच्या अर्जावर सह्या गोळा करणाऱ्या एका व्यापाऱ्याने पुढे येऊन उरलेला रस्ताही असाच करा अशी मागणी केली, असे लर्नर नंतर सांगत असत.

मोटारवाल्यांनी मात्र हार मानली नव्हती. पुढच्या शनिवारी आपल्या गाड्या रांगेने घालून रस्ता परत घ्यावयाचा असा त्यांचा मनसुबा होता. महापौरांनी पोलीस उभे केले नाहीत. रस्त्यावर कागदाच्या लांबच लांब पट्ट्या अंथरण्यात आल्या आणि शेकडो मुले त्यांवर चित्रे रंगवीत बसली. मोटारींना माघारी फिरावे लागले. शनिवारी सकाळी मुलांनी रस्त्यावर चित्रे काढावयाची, ही प्रथा पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. १९७३ साली एक जुना ट्रामचा डबा तेथे आणून ठेवण्यात आला. आईवडील खरेदी करीत तोपर्यंत मुले त्यात रमत. यरुशलेमच्या पुनरुद्धाराचे वर्णन करताना जखऱ्या संदेष्ट्याने हाती काठी घेऊन चौकात बसलेले वृद्ध आणि रस्त्यांत खेळणारी मुलेमुली यांचेच चित्र रेखाटले आहे, याची येथे आठवण होते. तटबंदीपेक्षा आणि राजवाड्यापेक्षा त्याला हीच नगराच्या स्वास्थ्याची खूण वाटली. रस्त्याचे विस्मृतीत गेलेले ‘फुलांचा रस्ता’ हे नावही लोकांच्या तोंडी पुन्हा रुळले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. मोटारी बंद केल्या की बाजार आपोआप बहरतो काय? तसे नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील कालामाझू नगराने १९५९ सालीच आपला बाजाररस्ता पादचाऱ्यांना दिला होता. त्याचे अनुकरण करून त्या देशात पुढील काळात सुमारे २०० रस्ते असे बंद करण्यात आले आणि त्यांपैकी बहुतेक पुढे मोटारींना पुन्हा खुले करावे लागले. खुद्द कालामाझूनेही १९९८ साली तोच मार्ग पत्करला. तेथील लोक दूरच्या उपनगरांत राहावयास गेले होते आणि तेथून बाजारात येण्यास मोटारीवाचून दुसरे साधन नव्हते. रस्ता सुशोभित झाला. परंतु त्यावर चालणारी पावले तेथवर आणणार कोण, याचा विचार राहून गेला.

कुरितिबाने तो विचार केला होता. १९७४ साली तेथे बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या. मुख्य मार्गाच्या मध्यभागी फक्त बस, तिच्या दोन्ही अंगांना स्थानिक वाहनांची संथ वाट आणि वेगाने जाणाऱ्या मोटारींसाठी पलीकडच्या समांतर गल्ल्या, अशी ती व्यवस्था आहे. उंच इमारतींना परवानगी याच मार्गांच्या कडेने मिळाली. त्यामुळे पुष्कळ माणसे बसथांब्याजवळ राहू लागली. १९८० च्या सुमारास सर्वत्र एकच भाडे ठरविण्यात आले, म्हणजे दूर राहणाऱ्या गरिबाला लांबच्या प्रवासासाठी अधिक पैसे पडेनासे झाले. १९९१ साली काचेच्या नळीसारखी बसस्थानके आली. प्रवासी आत शिरतानाच भाडे देतो आणि फलाटावरून सरळ गाडीत पाऊल ठेवतो. पुढच्याच वर्षी तीन डब्यांच्या, सुमारे २७० प्रवासी नेणाऱ्या बसगाड्या आल्या. १९८३ साली मध्यवस्तीजवळच्या एका जुन्या कारखान्यात नगरातील पहिला मोठा मॉल उघडला, तरीही फुलांच्या रस्त्यावरचा बाजार मोडला नाही. बस लोकांना आणून सोडीत होती आणि बाजार त्या बसला प्रवासी पुरवीत होता.

आता या कथेची दुसरी बाजू. ब्राझीलमध्ये १९६४ पासून १९८५ पर्यंत लष्करी राजवट होती. १९७१ चे महापौर लोकांनी निवडून दिलेले नव्हते, नेमलेले होते. न्यायालये बंद झाल्यावर काम सुरू करता आले आणि विरोधकांना बोलण्याची उसंत मिळाली नाही, याला त्या काळाची पार्श्वभूमी आहे. १९८८ साली लर्नर खुल्या निवडणुकीत उतरले आणि अवघ्या १२ दिवसांच्या प्रचारानंतर निवडून आले. तेव्हा लोकांनी त्यांच्या कामाला मागाहून संमती दिली असे म्हणता येईल. तरीही मागाहून मिळालेली संमती ही आधी विचारण्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय बसमार्गांच्या कडेच्या जमिनी महाग झाल्या आणि अनेक गरीब कुटुंबांना नगराच्या सीमेपलीकडच्या वस्त्यांत राहावे लागले. आजही मोटारींचे प्रमाण मोठे असलेल्या ब्राझिलियन शहरांत कुरितिबाची गणना होते. एका रस्त्याने नगराचे सारे प्रश्न सुटत नाहीत.

मग लर्नर यांच्या घाईचे समर्थन करावे काय? माझ्या मते येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. फुलांचे वाफे आणि बाके ही उचलून नेता येतात. प्रयोग फसला असता, तर काही दिवसांत तो रस्ता मोटारींना पुन्हा देता आला असता. रुंदीकरणासाठी पाडलेले घर मात्र परत उभे राहत नाही आणि तेथून उठलेले दुकान पुन्हा त्याच ओट्यावर येत नाही. जे परतविता येते त्यात धिटाई क्षम्य आहे. जे परतविता येत नाही त्यात धीर आणि लोकांची संमती ही दोन्ही अपरिहार्य आहेत. जगातील बहुतेक नगरांत नेमके याच्या उलट घडते. घरे पाडण्याचा निर्णय झटपट होतो आणि पादचाऱ्याला चार हात जागा देण्यावर वर्षानुवर्षे चर्चा चालते.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुलै १९८० मध्ये कुरितिबाला भेट दिली. तिच्या स्मरणार्थ तेथे पोलिश स्थलांतरितांची लाकडी घरे जतन करणारे एक उपवन आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात नगररचनेचा स्वतंत्र विचार केला. मोटारी वाढल्या की आणखी रस्ते आणि वाहनतळ लागतात आणि नगराचे रूप बिघडते, हे सांगून त्यांनी सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम देण्याचा पुरस्कार केला. सर्वांच्या हिताची ही शिकवण आपण बहुधा प्रवचनात ऐकतो आणि चर्चच्या दाराशी ठेवून येतो. ती बाजारापर्यंत नेली पाहिजे. आपल्या गावच्या पेठेविषयी एखादी योजना येईल, तेव्हा मोटारी किती वेगाने जातील एवढेच विचारून थांबू नये. डोक्यावर पाटी घेऊन येणारी भाजीवाली कोठे बसेल, बसने आलेली वृद्ध बाई कोठे उतरेल आणि या दोघींना कोणी विचारले आहे काय, हेही त्याच सभेत, योजनेवर सही होण्यापूर्वी, आपण विचारले पाहिजे.