रक्तातले लॅक्टेट
आंबट दुधात लॅक्टिक आम्ल सापडले १७८० साली, स्वीडनमधल्या शेले या औषधविक्रेत्याला. माणसाच्या रक्तात ते दाखवले जर्मनीच्या शेरर यांनी, १८४३ मध्ये; तपासलेल्यांत बाळंतज्वराने दगावलेल्या बायका होत्या. शास्त्राला हा धडा आयांच्या मरणाने दिला. पुढे वाढलेले लॅक्टेट ही ऑक्सिजन कमी पडल्याची, जीव धोक्यात असल्याची खूण ठरली.

पण १९२० च्या दशकात वारबुर्ग यांनी दाखवले, की कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखरेपासून लॅक्टेट बनवतात. म्हणून मेंदूच्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये हा आकडा चढला की पेच पडतो. रक्तदाब ठीक, लघवी ठीक. मग सलाइन वाढवायचे कशाला? उगाच वाढवले तर मेंदूची सूज वाढू शकते. आणि सूज उतरवायला दिलेल्या स्टेरॉइडनेही लॅक्टेट चढू शकते.